ऑफिस दस्तऐवज ब्राउझरमध्ये उघडणे
ऑफिस दस्तऐवज ब्राउझरमध्ये उघडणे : वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, लिबरऑफिस अशा प्रोग्रॅमांत तयार झालेली फाइल, तो प्रोग्रॅम आपल्या संगणकावर नसतानाही, ब्राउझरच्या टॅबमध्ये वाचण्याची वा दुरुस्त करण्याची सोय. ही सोय ब्राउझरची आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात संगणकावरील क्रोम किंवा फायरफॉक्स यांना वर्डची डॉकएक्स फाइल स्वतः वाचता येत नाही. त्यांच्यासाठी ती दुसरे कोणीतरी वाचते, आणि ते वाचन कोणाच्या संगणकावर होते यावर या सोयीचे बरेच गुणदोष ठरतात. आयफोनवरील सफारी अशी फाइल तिथल्या तिथे दाखवते, पण तेही काम ऑपरेटिंग सिस्टिममधील ‘क्विक लुक’ या सोयीचे आहे.

लिंकवर क्लिक केल्यावर सर्व्हर फाइलसोबत तिचा प्रकार कळवतो. मजकूर एचटीएमएल, चित्र किंवा पीडीएफ प्रकारचा असेल तर ब्राउझर तो दाखवतो. प्रकार वर्डचा निघाला की फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. फाइल दाखवायची की उतरवायची याची सूचना सर्व्हर ब्राउझरला देऊ शकतो, पण ‘दाखव’ म्हटल्याने ब्राउझरला न येणारा प्रकार वाचता येऊ लागत नाही. पीडीएफचीही पूर्वी हीच स्थिती होती. क्रोमने 2010 मध्ये आणि फायरफॉक्सने 2013 मध्ये आपापला पीडीएफ वाचक ब्राउझरमध्येच बसवला, तेव्हा ती अडचण मिटली.

ऑफिसच्या फायलींबाबत तसे झाले नाही, याचे एक मोठे कारण त्यांच्या रचनेत आहे. डॉकएक्स ही वस्तुतः झिप केलेली पुडी असते. फाइलचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ लावले आणि ती उघडली, तर आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर व त्यात मुख्य मजकुराची एक्सएमएल फाइल दिसते. चित्रे, शैली, तळटीपा वेगळ्या ठेवलेल्या असतात. हा परिच्छेद अमुक शैलीचा, हा तक्ता इतक्या रुंदीचा, अशी माहिती तेथे मिळते. पण ओळ कुठे मोडायची आणि पान कुठे संपवायचे, हा हिशेब पक्का केलेला नसतो. तो प्रत्येक प्रोग्रॅम फाइल उघडताना नव्याने, हाती असलेल्या फॉण्टच्या मापांवरून करतो. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक अक्षराची जागा आधीच ठरलेली असते. म्हणून वर्डमध्ये बारा पानांत बसलेला अहवाल ब्राउझरमध्ये तेराव्या पानावर दोन ओळी सांडतो आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात. कॅलिब्रीच्या जागी त्याच मापांचा कार्लिटो हा मुक्त फॉण्ट वापरून काही प्रणाली हा फरक कमी करतात. तक्ते, मजकुराच्या चौकटी आणि चित्राभोवती फिरवलेला मजकूर मात्र अजूनही अनेकदा बिघडतो.

अशी फाइल ब्राउझरमध्ये दाखवण्याचा प्रारंभीचा मार्ग मायक्रोसॉफ्टचा होता. 1996 च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररच्या खिडकीतच संगणकावरचा वर्ड आणून बसवण्याची युक्ती निघाली. दिसायला ब्राउझर, आत मूळ वर्ड, त्यामुळे मांडणी चोख राही. पण विंडोज आणि विकत घेतलेले ऑफिस या दोन्हींची अट होती. ऑफिस 2007 पासून मूळ सेटिंगनुसार अशा फायली वेगळ्या खिडकीत उघडू लागल्या.

दुसरा मार्ग 2005 मध्ये खुला झाला. त्या वर्षी राइटली आणि चेन्नईच्या ज्या कंपनीचे नाव पुढे झोहो झाले तिचा झोहो रायटर, हे दोन्ही संपादक आले. शब्दप्रक्रिया पूर्णपणे ब्राउझरमध्ये होऊ लागली. गूगलने 2006 मध्ये राइटली विकत घेतली आणि तिच्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. मायक्रोसॉफ्टने आपले वेब ॲप्स 2010 मध्ये आणले. 2006 ते 2008 या काळात लिबरऑफिसचा ओडीएफ व डॉकएक्सचा ओओएक्सएमएल या दोन्ही फाइलप्रकारांना आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ओओएक्सएमएलच्या मान्यतेला भारताने विरोधी मत दिले होते. मायक्रोसॉफ्टने वर्डच्या जुन्या डॉक प्रकाराचा तपशीलही 2008 मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे इतरांना या फायली वाचणारे प्रोग्रॅम लिहिणे सुकर झाले.

आज फाइल वाचण्याचे काम प्रामुख्याने सोय पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर होते. एज ब्राउझरमध्ये वर्ड फाइलच्या लिंकवर क्लिक केले की ती मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दर्शकात उघडू शकते. त्यासाठी ती फाइल इंटरनेटवर सर्वांना खुली असावी लागते, कारण ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला उचलता यावी लागते. पासवर्डमागची किंवा कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवरची फाइल या मार्गाने दिसत नाही. ज्यांना फाइल बाहेर जाऊ द्यायची नाही अशा संस्था स्वतःच्या सर्व्हरवर कोलॅबोरा किंवा ओन्लीऑफिस बसवतात. कोलॅबोरामध्ये लिबरऑफिसचे इंजिन सर्व्हरवर चालते आणि पानाचे चित्रमय तुकडे ब्राउझरकडे पाठवते. ओन्लीऑफिस पानाची मांडणी ब्राउझरमध्येच करते. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले छोटे वाचकही आहेत, उदाहरणार्थ एक्सेलसाठी शीटजेएस. त्यांत फाइल आपल्या संगणकाबाहेर जात नाही, पण मूळ मांडणी हुबेहूब मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

मराठी वाचकाला सर्वांत जास्त छळतो तो फॉण्ट. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टांत टंकलेले पत्र म्हणजे आतून रोमन अक्षरे व चिन्हांची रास असते. तिला देवनागरी रूप देतो तो केवळ फॉण्ट. सर्व्हरवर तो फॉण्ट नसला की ‘महोदय’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत सारे निरर्थक चिन्हांत दिसते. फाइल मात्र बिघडलेली नसते. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर यातून सुटतो. तरीही फॉण्ट बदलला की ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसू शकतात.

मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच साठवलेला छोटा प्रोग्रॅम, हा आणखी एक फरक. ऑफिसच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो असलेली एक्सेल फाइल ब्राउझरमधील एक्सेलमध्ये उघडते व जतनही होते, पण मॅक्रो चालत नाहीत. लेखा विभागाला ही उणीव जाचते. अनोळखी ईमेलमधून आलेली फाइल पाहणाऱ्याला मात्र तीच लाभाची, कारण घातक मॅक्रोला त्याच्या संगणकावर चालायला वाव मिळत नाही. याउलट पगारपत्रक, वैद्यकीय अहवाल किंवा न उघडलेली निविदा कोणत्याही फुकट ऑनलाइन दर्शकात टाकणे म्हणजे ती परक्या सर्व्हरच्या हाती देणे होय.

संकेतस्थळावर फाइल ठेवणाऱ्याने एवढे पाळावे : केवळ वाचायचे परिपत्रक पीडीएफमध्ये द्यावे, भरून पाठवायचा अर्ज डॉकएक्समध्ये द्यावा, आणि दोन्हींतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा.