तबकडीवरची कामिनी

भुताखेतांच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. कोकणात तर गावागणिक एखादा मुंजा, एखादी हडळ ठरलेली असते, आणि तिची हकीकत सांगणारा म्हाताराही ठरलेला असतो. पण आज ज्या भुताविषयी बोलायचे आहे ते पिंपळावर राहणारे नव्हे. ते राहत होते दहा इंची काळ्या तबकडीच्या मध्यावर, कागदाच्या गोल चकतीवर. त्याचे नाव कामिनी.

साल १९४९. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने ‘महल’ नावाचा बोलपट काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, नायक अशोककुमार, नायिका मधुबाला. पडका वाडा, हलणारे झुंबर, रात्री कुणीतरी बाई गात फिरते आहे, आणि नायक त्या आवाजामागे वेडा होतो, अशी कथा. आपल्याकडे पुढे जे भुताटकीचे बोलपट निघाले, त्यांतल्या कितीतरी बोलपटांनी या ‘महल’चेच सामान वापरले. त्यातले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे नक्षब जारचवी यांनी लिहिले, खेमचंद प्रकाश यांनी चाल लावली, आणि ते गायिले वीस वर्षांच्या लताबाई मंगेशकरांनी. आवाज दुरून जवळ येतो आहे असे वाटले पाहिजे, म्हणून लताबाई ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहिल्या आणि गातागाता एकेक पाऊल पुढे येत गेल्या. आज यंत्राने चुटकीसरशी होणारी गोष्ट तेव्हा पायांनी करावी लागली. ऐकताना आजही अंगावर काटा येतो तो त्यामुळेच, असे माझे मत आहे.

गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली. लोक तिची वाटच पाहत होते. सिनेमा एकदा पाहून घरी यायचे, आणि गाणे डोक्यात घोळत राहायचे. ते पुन्हा हवे तेव्हा ऐकायचे तर तबकडी विकत घेणे हाच मार्ग. खेड्यात वीज कुठली? ज्याच्या घरी चावीचा फोनो, त्याच्या ओसरीवर गाव जमायचे. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणार, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावणार, सुई वारंवार बदलायची. अशा वेळी कुणी शिकलेला मुलगा पुढे व्हायचा आणि चकतीवरची अक्षरे मोठ्याने वाचायचा. बोलपट: महल. गायिका: कामिनी.

आता ही कामिनी कोण? ‘महल’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की कामिनी म्हणजे त्या वाड्यात कधीकाळी होऊन गेलेली, मेलेली बाई. आणि पडद्यावर गाताना दिसते ती कामिनीसुद्धा नव्हे. ती माळ्याची मुलगी आशा, कामिनीचे सोंग घेतलेली. म्हणजे पाहा, गायिल्या लताबाई, ओठ हलवले मधुबालेने, सोंग घेतले आशाने, आणि तबकडीवर नाव छापले भुताचे!

यात कुणाचा खास दुष्टावा होता असे नाही. तो रिवाजच होता. सुरुवातीच्या बोलपटांत नट-नटी स्वतःच गात. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आले, पण चकतीवर पात्राचे नाव घालण्याची सवय काही सुटली नाही. गाणे पात्राचे, मग नावही पात्राचे, असा सरळ हिशेब. गाणाऱ्याला ठरलेले पैसे हातावर ठेवले की संबंध संपला.

गंमत अशी, की त्याआधी सत्तेचाळीस वर्षे गोष्ट अगदी उलट होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव ठणकावून सांगतात. ही मिजास म्हणून नव्हे. मुद्रण इकडे होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर गावी. तिथल्या कारागिराला आपली भाषा ओ की ठो कळत नसे, तेव्हा कुठली तबकडी कुणाची हे समजावे म्हणून ही युक्ती. त्या काळच्या कितीतरी गायक-गायिकांनी असे केले. यंत्र जुने होते, आवाज खरखरत होता, पण गाणारी कोण हे तबकडीच सांगत होती. यंत्र सुधारले आणि नाव मात्र गेले.

‘महल’चे गाणे रेडिओवरून वाजू लागले तेव्हा श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. गाणारी कोण ते सांगा. कामिनी नावाची गायिका कुणाच्या ऐकिवात नव्हती, आणि आवाज तर विसरता येत नव्हता. शेवटी रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली आणि नाव जाहीर केले: लता मंगेशकर. पोस्टकार्डे लिहिणाऱ्या साध्या श्रोत्यांनी एका कलावंताला तिचे नाव मिळवून दिले. आपल्या नभोवाणीच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही, पण ती शाळेच्या पुस्तकात कुठे आढळत नाही.

खेमचंद प्रकाश यांना मात्र या यशाचे सुख फार लाभले नाही. १९५० च्या ऑगस्टमध्ये ते वारले. राजस्थानातल्या सुजानगढचा हा गुणी माणूस. आज त्यांचे नाव विचारले तर दहातले नऊ जण गप्प बसतील.

पुढे फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते, आणि त्यासाठीही लताबाईंना आग्रह धरावा लागला. १९५९ साली ते पहिल्यांदा दिले गेले, ते त्यांनाच; ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी. तीही मेलेल्या नायिकेचीच कथा! नंतर ‘बीस साल बाद’च्या गाण्यालाही पारितोषिक मिळाले, आणि तोही वाडा, धुके आणि अज्ञात आवाज यांचाच बोलपट. भुताने एकदा नाव नेले, आणि पुढे व्याजासकट परत केले म्हणायचे.

आता थोडे संग्राहकांविषयी. ‘महल’ निघाला तेव्हा नवी मुंबई नव्हतीच. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर ही खाडीकाठची आगरी-कोळ्यांची गावे; भाताची खाचरे आणि मिठागरे. १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि मग चाळींतून कुटुंबे इकडच्या नव्या घरांत येऊ लागली. लाखेची तबकडी जड, ठिसूळ, हातातून निसटली की तुकडे. अनेकांनी बिऱ्हाड हलवताना त्या भंगारात दिल्या. काही मुंबईच्या चोरबाजारात पोचल्या, आणि तिथून पारखी माणसांच्या हाती लागल्या. १९९० साली मुंबईत अशा माणसांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. सुरेश चांदवणकरांसारख्या विज्ञानाच्या अभ्यासकाने तिच्या कामाला वाहून घेतले.

भुताटकीच्या बोलपटांचे संगीत जमवणाऱ्यांचे दुखणे निराळे. आपल्याकडे तबकडीवर येत ती गाणी. दार करकरते, वारा घोंघावतो, सारंगी एकाच सुरावर थरथरते, ते पार्श्वसंगीत बहुधा चित्रफितीतच राहून गेले. रामसे बंधूंचे ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) आणि ‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. पहिल्याचे चित्रण तर आपल्या महाबळेश्वरला झाले. रामसे घराण्याचा मूळ धंदा कराचीत रेडिओ विकण्याचा, हेही श्रोत्यांनी लक्षात ठेवावे! या असल्या संगीताला इथे कुणी फारसे विचारले नाही. २०११ साली इंग्लंडातल्या ‘फाइंडर्स कीपर्स’ कंपनीने त्याचे एक संकलन काढले, नाव ‘बॉलिवूड ब्लडबाथ’.

असे काही निघाले की संग्राहकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, इतकी वर्षे वाट पाहिली, आता स्वच्छ ऐकू येते आहे, आनंद आहे. दुसरा म्हणतो, आमची खरखर कुठे गेली? ‘महल’च्या बाबतीत तर हे फारच नवलाचे. नव्या आवृत्तीवर नाव बरोबर असते, लता मंगेशकर. पण जुना पारखी शोधत असतो ती चुकीच्या नावाची, कामिनीची तबकडी. ती हाती आली, की तो आधी सुई लावत नाही. चष्मा पुसतो आणि चकती वाचतो.