धारूर : दोन मुलखांच्या वेशीवरचे गाव

युसूफ वडगावाहून केजमार्गे उत्तरेस निघाले म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर धारूर लागते. येथून दक्षिणेकडचे पाणी मांजरेस मिळते. घाटाखाली तेलगाव-माजलगावाच्या अंगाचे पाणी गोदावरीस जाते. आपल्या ज्ञातीत सोयरीक जुळविताना ‘घाटावरचे’ आणि ‘गंगथडीचे’ हा जो भेद अद्यापि निघतो, त्याची सीमा हीच होय. ही सीमा कितपत पक्की होती, हे आपण धारूरच्या इतिहासासच विचारू.

निजामशाही व आदिलशाही यांच्या सरहद्दीवर हे ठाणे होते. इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत एका बाजूने लढलेली ही दोन राज्ये थोड्याच वर्षांत येथे एकमेकांवर उलटली. विजापूरचा सरदार किश्वरखान याने येथे किल्ला बांधला. बाजूंस खोल दऱ्या आणि पठाराकडे खंदक, अशी त्याची रचना. तरीही मुर्तजा निजामशहाने तो जिंकला व किश्वरखान मारला गेला. पुढे खानजहान लोदी मोगलांशी बंड करून निजामशाहीच्या आश्रयास आला आणि त्याच्या पाठोपाठ शाहजहानच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. १६३१ च्या जानेवारीत आजमखानाने धारूर घेतले. मोगली अमलात त्यास फतेहाबाद हे नाव मिळाले.

तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा होता. धारूर जिंकणाऱ्या याच आजमखानास पुढे परंड्याचा वेढा वैरणीअभावी उठवावा लागला. जेथे बादशाही घोड्यास गवत मिळेना, तेथे रयतेची काय अवस्था झाली असेल! पोटासाठी कित्येक कुटुंबांनी तेव्हा घाट ओलांडला असेल. कोण वरचे आणि कोण खालचे, हे त्यांना कोणी विचारले असेल काय?

१६३६ त निजामशाही बुडाली आणि ती सरहद्दच नाहीशी झाली. म्हणजे सुमारे सत्तर वर्षांत या गावाने तीन धनी पाहिले. घाटाची वाट मात्र चालूच राहिली. आज तिच्यावरून खामगाव-पंढरपूर महामार्ग जातो. धारूरजवळ दुभंगलेले पाणीदेखील पुढे कंदकुर्ती येथे मांजरा-गोदावरीच्या संगमात एक होते.

ज्या रेषेस राजांच्या तोफाही टिकवू शकल्या नाहीत, ती आपण आपल्या घरांत का जपावी? ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंती आहे की, सोयरीक पाहताना मुलामुलींची विद्या आणि दोन्ही घरांचे आचरण पाहावे. घाट पाहू नये.