ब्रेव्ह : एक पूल, एक मुलगी आणि दोन शेवट

मॅरिलियन म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते 'केली'. १९८५ सालचं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं, फिशच्या आवाजातलं. आज मला लिहायचंय ते फिश सोडून गेल्यानंतरच्या मॅरिलियनबद्दल, आणि तेही एकाच अल्बमबद्दल: 'ब्रेव्ह', फेब्रुवारी १९९४. ऑफिसात हेडफोन लावून मी हा इतक्या वेळा ऐकलाय की शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने एकदा विचारलंच, "इतकं रडकं काय ऐकत असतोस रे?" त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, डेडलाइन होती. आता शनिवार आहे, वेळच वेळ आहे.

आधी नमनाला थोडं तेल. सत्तरच्या दशकात जेनेसिस, येस वगैरे मंडळींनी रॉकमध्ये लांबलचक, गुंतागुंतीची, गोष्ट सांगणारी गाणी आणली. १९७६-७७ च्या सुमारास पंकवाले आले आणि त्यांनी या सगळ्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. तरीही काही पोरांना तेच संगीत आवडत होतं. ऐंशीच्या सुरुवातीला आयक्यू, पॅलस, पेंड्रॅगन आणि मॅरिलियन असे बँड पुढे आले, आणि या लाटेला नाव पडलं निओ-प्रोग. त्यातलं सर्वात मोठं यश मॅरिलियनचं. १९८८ मध्ये फिश गेला, १९८९ मध्ये त्याच्या जागी स्टीव्ह हॉगार्थ आला. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या नाटकात मुख्य नट बदलला की प्रेक्षक कसे हाताची घडी घालून बसतात, तसे जुने चाहते बसले होते. काही अजून बसलेले आहेत!

आता मूळ मुद्दा. मॅरिलियनमध्ये येण्याआधी कधीतरी हॉगार्थने रेडिओवर पोलिसांचं एक निवेदन ऐकलं होतं. सेव्हर्न पुलावर एक तरुण मुलगी भटकताना सापडली आहे, ती कोण आहे हे सांगत नाही, बोलतच नाही. कुणी ओळखत असेल तर कळवा. बस्स, एवढंच. हा सेव्हर्न पूल म्हणजे इंग्लंड आणि वेल्सला जोडणारा, १९६६ मध्ये खुला झालेला झुलता पूल, मधला गाळा जवळजवळ एक किलोमीटरचा. खाली पाणी, वर गाड्यांचा अखंड ओघ आणि मधोमध एक गप्प मुलगी. हॉगार्थने ते मनात ठेवलं, आणि काही वर्षांनी बँडसमोर मांडलं.

त्या वेळी बँडची परिस्थिती काही बरी नव्हती. 'हॉलिडेज इन ईडन' (१९९१) हा त्यातल्या त्यात पॉप वळणाचा अल्बम कंपनीच्या अपेक्षेइतका चालला नाही. इएमआयला पुढचा अल्बम झटपट आणि स्वस्तात हवा होता. झालं नेमकं उलटं. निर्माता डेव्ह मीगनला घेऊन ही मंडळी फ्रान्समधल्या मारुआट नावाच्या जुन्या किल्ल्यात जाऊन राहिली, आणि तिथे ७१ मिनिटांचा, एकच गोष्ट सांगणारा अल्बम आकाराला आला. आमच्या क्षेत्रात याला स्कोप क्रीप म्हणतात आणि प्रोजेक्ट मॅनेजरला घाम फुटतो.

गोष्ट उलटी चालते. सुरुवातीलाच मुलगी पुलावर आहे, पाण्याचा आवाज आहे, धुक्यातला भोंगा आहे. मग मागे जायचं: घर, घरातला छळ, पळून जाणं, शहर, नशा, श्रीमंत दिवाणखान्यातला एकटेपणा. 'गुडबाय टु ऑल दॅट' हा पाच तुकड्यांचा, साधारण बारा मिनिटांचा मधला भाग मला सर्वात भारी वाटतो. तिथे स्टीव्ह रॉदरीची गिटार सूर सोडून नुसतं वातावरण होते, मार्क केलीचे कीबोर्ड खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखे येतात, आणि आपण गाणं ऐकतोय हेच विसरायला होतं. 'द हॉलो मॅन' अगदी उलट, पियानो आणि आवाज, बाकी फार काही नाही. फसलेलं म्हणाल तर 'पेपर लाइज'. वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल १९९१ मध्ये स्वतःच्या नौकेवरून समुद्रात पडून मेला, त्या प्रकरणाचा संदर्भ या गाण्याला आहे. राग खरा आहे, पण अल्बमची तंद्री मोडते. मी ते कधी कधी पुढे ढकलतो. (खऱ्या भक्तांनी क्षमा करावी.)

मला बरेच दिवस छळणारा प्रश्न वेगळाच होता. जी मुलगी स्वतः एक शब्द बोलली नाही, तिचं आख्खं आयुष्य दुसऱ्याने रचायचं, हे बरोबर आहे का? तिने मौन पाळलं, आणि हे पाच बाप्ये तिच्या वतीने ७१ मिनिटं बोलतायत! पण ऐकत गेलो तसं लक्षात आलं की अल्बम तिला कधीच नाव देत नाही. चेहरा, गाव, आडनाव, काहीही नाही. 'हेच खरं घडलं' असा दावा नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, शेवट काय झाला हे ठरवायचंही त्यांनी नाकारलं.

ते कसं, हे तांत्रिक माणसाला फार आवडेल. एलपीच्या एका बाजूला बाहेरून आत जाणारी एकच सलग खाच असते. 'ब्रेव्ह'च्या दोन एलपींच्या संचात शेवटच्या बाजूला दोन खाचा आहेत, एकमेकींत गुंफलेल्या. डासांची कॉइल पाकिटातून काढताना दोन वेटोळी एकात एक अडकलेली असतात ना, अगदी तशा. (आणि सोडवताना एक हमखास तुटते.) सुई कडेला कुठे टेकली त्यावर पुढचं ठरतं. एका खाचेत 'द ग्रेट एस्केप' संपून 'मेड अगेन' लागतं: सकाळ, ऊन, मुलगी परतली आहे. दुसऱ्या खाचेत 'द ग्रेट एस्केप'चं वेगळं रूप आहे, आणि त्यानंतर फक्त पाणी. गाणं नाही, माणसाचा आवाज नाही. कसलीही अट न तपासणारा इफ-एल्स! युक्ती नवी नव्हती, मॉंटी पायथनवाल्यांनी १९७३ मध्ये विनोदासाठी ती वापरली होती. पण इथे तिच्यावर एक जीव टांगलेला आहे.

माझ्या एका मित्राकडे ही एलपी आहे. त्याच्याकडे पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाणी आलं. त्याने काही न बोलता उठून सुई परत ठेवली. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा त्याने ठेवली नाही, चहा टाकायला गेला.

सीडीवर हे शक्यच नव्हतं. तिथे एकच शेवट, 'मेड अगेन'. म्हणजे माझ्यासारखे ज्यांनी आधी सीडी आणि नंतर एमपीथ्री ऐकली, त्यांना मुलगी वाचते हे गृहीतच होतं. १९९८ च्या सीडी आवृत्तीत ते दुसरं रूप जादा गाणं म्हणून मिळालं खरं, पण तिथे ते यादीत नावानिशी उभं आहे, आपण ठरवून लावतो. न ठरवता समोर येणं वेगळं. पूर्वी मला 'मेड अगेन' जरा गोडगोड, तडजोडीसारखं वाटायचं. पाणी ऐकल्यानंतर मात्र ते गाणं लागलं की मी हातातलं काम थांबवतो.

धंद्याचं म्हणाल तर अल्बम ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी ब्लरचा 'पार्कलाइफ' आणि ओॲसिसचा पहिला अल्बम आला, हवा सगळी तिकडे. बँडने १९९४ च्या दौऱ्यात 'ब्रेव्ह' सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवला, ज्यांना 'केली' ऐकायचं होतं त्यांना तासभर थांबवून. १९९५ मध्ये पुढचा अल्बम आला आणि त्यानंतर इएमआयशी संबंध संपले.

पण गंमत पुढे आहे. १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नाही म्हटल्यावर चाहत्यांनीच इंटरनेटवरून सुमारे ६० हजार डॉलर जमवले. २००१ च्या 'अनोरॅकनोफोबिया'साठी तर बँडने रेकॉर्डिंगच्या आधीच पैसे मागितले, आणि १२ हजारांहून जास्त लोकांनी न ऐकलेल्या अल्बमचे पैसे आगाऊ भरले. क्राउडफंडिंग हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी. मला वाटतं त्यातले बरेचसे 'ब्रेव्ह'वालेच असणार.

२०१८ मध्ये स्टीव्हन विल्सनने केलेलं नवं मिश्रण बाजारात आलं. ते जास्त मोकळं, स्वच्छ आहे, पण पहिल्यांदा ऐकणार असाल तर मूळचंच घ्या. रात्री, दिवे मालवून, आणि कृपा करून शफल बंद ठेवा.