गिरितीर्थांची वाट आणि पायथ्याची गावे

'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ नदी उतरून पलीकडे जाण्याची जागा, म्हणजेच उतार किंवा घाट, असा आहे. भवसागर तरून जाण्याचा घाट ज्यांनी बांधला ते तीर्थंकर. असे असले तरी जैन समाजाची अत्यंत पूज्य तीर्थे पाण्याच्या काठी नसून बहुतांशी डोंगरमाथ्यावर आहेत. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांचे निर्वाण श्री सम्मेदशिखरावर, भगवान ऋषभदेवांचे कैलासावर म्हणजे अष्टापदावर आणि भगवान नेमिनाथांचे गिरनारवर झाले, अशी परंपरा आहे. त्यामुळे जैन श्रावकाच्या आयुष्यात यात्रा म्हणजे चढण हे समीकरण शतकानुशतके रूढ झाले. डोंगर चढणे हे त्याच्या दृष्टीने साहस नव्हते. ती व्रताची एक पायरी होती. या चढणीबरोबर स्वच्छतेचे जे नियम आले, त्यांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. यवतमाळ व वऱ्हाडच्या संदर्भात तो पाहणे उद्बोधक ठरेल.

वऱ्हाडातून मुक्तागिरीकडे

यवतमाळ जिल्हा हा स्वतःच डोंगराळ मुलूख आहे. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि मध्ये अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी या नद्यांनी कापलेले पठार. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा या व्यापारपेठांत जैन कुटुंबे स्थिरावली. त्यांना सर्वांत जवळचे गिरितीर्थ म्हणजे सातपुड्याच्या कुशीतील श्री सिद्धक्षेत्र मुक्तागिरी. हे क्षेत्र आज मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडत असले, तरी ते अगदी महाराष्ट्राच्या सीमेवर, परतवाडा-अचलपूरपासून काही कोसांवर आहे. निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढगिरीचा जो उल्लेख येतो, तो याच क्षेत्राचा. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अरुंद रुळांची रेल्वे टाकली. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ती ओळखली गेली. सुमारे १९० किलोमीटरच्या या मार्गाने कापसाच्या गाठींबरोबर यात्रेकरूही नेले. यवतमाळहून निघालेला श्रावक वाटेत कारंजा येथील प्राचीन मंदिरांचे दर्शन घेई, मूर्तिजापूरला गाडी बदली आणि अचलपूरहून पुढे बैलगाडीने वा पायी मुक्तागिरीचा पायथा गाठी. ही गाडी आता इतिहासजमा झाली आहे. त्या संथ प्रवासाचा एक गुण मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. यात्रेकरूजवळ पितळी तांब्या, गाळणे आणि घरून आणलेली शिदोरी असे. वापरून फेकून द्यावे असे काहीही त्याच्या गाठोड्यात नसे.

मुक्तागिरीवर बावन्न मंदिरे आहेत आणि चढउतार मिळून सुमारे सहाशे पायऱ्या आहेत. पावसाळ्यात मंदिरांच्या मधूनच धबधबा कोसळतो. हे क्षेत्र पूर्वी अमरावतीच्या खापर्डे घराण्याच्या मालकीत होते. त्या काळी लोक जोडे घालून डोंगरावर जात आणि शिकारही करीत. ही अवहेलना थांबावी म्हणून एलिचपूरचे दानवीर नत्थुसा पासुसा कळमकर यांनी इतर समाजधुरीणांच्या साहाय्याने १९२०च्या दशकात हे क्षेत्र विकत घेतले. ही घटना वऱ्हाडच्या जैन इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. तिच्यातील एक अर्थ मात्र अधिक खोल आहे. डोंगराची मालकी मंदिरांच्या संख्येत भर पडावी म्हणून घेतलेली नव्हती. तिथे कोणी कसे वागावे याचा नियम करता यावा, म्हणून ती घेतली गेली. डोंगराचे पावित्र्य त्यावरील दगडात नसून तो चढणाऱ्याच्या आचरणात आहे, ही जाण त्या व्यवहारामागे होती.

दोन समिती

हा नियम काही विसाव्या शतकात जन्माला आलेला नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात मुनींसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली ईर्या समिती. पुढची भूमी न्याहाळून, जीवजंतू टाळून, सावकाश पाऊल टाकणे हे तिचे स्वरूप. पाचवी उत्सर्ग समिती, हिलाच प्रतिष्ठापना समिती असेही म्हणतात. शरीरातील मल-मूत्र, कफ आदींचा त्याग कोठे व कसा करावा, याचा विचार तीत केला आहे. जागा निर्जंतुक असावी, जीवांना बाधा होऊ नये आणि दुसऱ्यास उपद्रव होऊ नये, असे तिचे तत्त्व आहे. ज्या विषयाचे नाव घेण्यास सभ्य समाज संकोचतो, त्याला आचार्यांनी व्रताच्या पंक्तीत बसविले, ही साधी गोष्ट नव्हे. चालणे आणि टाकणे या दोन्ही क्रियांत अहिंसा असू शकते वा हिंसा असू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

गिरितीर्थांवरील लोकाचार याच दोन समितींतून घडला. अनेक यात्रेकरू अनवाणी चढतात. पालीताण्याच्या शत्रुंजयावर भोजन करू नये, सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे आणि डोंगरावर कोणी मुक्काम करू नये, असा दंडक आहे. सम्मेदशिखराची सुमारे २७ किलोमीटरची वंदना पुष्कळ भाविक उपवास करूनच पूर्ण करतात. या नियमांचा हेतू धार्मिक आहे. त्यांचे व्यावहारिक फळही तितकेच मोठे आहे. जिथे अन्न शिजत नाही आणि कोणी मुक्कामास राहत नाही, तिथे घाण साचण्यास वावच राहत नाही.

डोंगरावरचे पाणी, पायथ्याची विहीर

डोंगराळ मुलखात स्वच्छतेचा प्रश्न मैदानापेक्षा वेगळा का, हे समजून घेणे आवश्यक आहे. वऱ्हाडच्या बहुतेक भागात काळ्या कातळाचा थर आहे. उतारावर माती थोडी, म्हणून पाणी मुरते कमी आणि वाहते जास्त. माथ्यावर वा उतारावर जे काही टाकले जाते, ते पहिल्या पावसात ओढ्यात आणि ओढ्यातून पायथ्याच्या विहिरीत उतरते. वर घाण करणारा एक आणि तिचे पाणी पिणारा दुसरा, असा हा अन्याय आहे. पूर्वी यात्रा-जत्रांच्या पाठोपाठ पटकी म्हणजे कॉलरा येई, त्याचे कारण हेच होते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडात उपासमारीबरोबर पटकीनेही बळी घेतले.

पाणी गाळून पिण्याचा आणि गाळण्यात अडकलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडण्याचा जैनांचा आचार या पार्श्वभूमीवर पाहावा. बांगलादेशात रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ महिलेच्या चमूने जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग ग्रामीण स्त्रियांकडून करविला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले, कारण या रोगाचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. आचार्यांनी गाळणे सांगितले ते जीवदयेसाठी. रोगनिवारण हा त्यांचा हेतू नव्हता. दया आणि आरोग्य यांची वाट मात्र इथे एक झाली. अर्थात, गाळण्याने आपल्या तांब्यातले पाणी सुधारते, गावाची विहीर सुधारत नाही. त्यासाठी गावानेच हात लावावा लागतो.

हाती खराटा घेतलेले संत

गावाला हात लावावयास शिकविणारे महापुरुष याच मातीत झाले. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. गावात शिरताच प्रथम खराट्याने रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तनातून मनातील केर काढावा, हा त्यांचा क्रम आयुष्यभर चालला. ते पंढरपूरला जात, पण तिथेही झाडण्यातच त्यांची भक्ती असे. देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येला त्यांनी कडाडून विरोध केला, मूर्तिजापूर येथे गोरक्षण उभारले आणि तीर्थक्षेत्री गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. जैन नसलेल्या या संताच्या आचरणात ईर्या आणि उत्सर्ग या दोन्ही समिती जणू मूर्तिमंत झाल्या होत्या. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्याआधी एक वर्ष, १९५५ साली, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली होती. तीत ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य हे धर्माचेच विषय मानले आहेत.

या विचारांना शासकीय रूप मिळावयास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. २०००-२००१ मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत श्रमदान झाले, शोषखड्डे खोदले गेले, भिंतींवर रंग चढला. पुढे केंद्राचे निर्मल ग्राम पुरस्कार आले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला.

रोजची चढण

मात्र घोषणेने डोंगर सपाट होत नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांच्या टेकड्यांवर कोलाम आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांना 'पोड' असे म्हणतात. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत कोलामांची गणना होते. पोडाच्या मध्यभागी चावडी असते आणि गावाचे निर्णय तिथे होतात. ज्या पोडावर नळ पोचलेला नाही, तेथील स्त्रीला उन्हाळ्यात दरीतील झऱ्यावरून हंडा डोक्यावर घेऊन वर यावे लागते. यात्रेकरू वर्षातून एकदा चढतो आणि पुण्य मानतो. तिची चढण रोजची आहे, आणि तिची नोंद कोणी ठेवत नाही. शौचालय बांधून झाले तरी त्यात ओतावयाचे पाणी तिच्याच डोक्यावरून यावयाचे असते. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने, पाणी लागले तरी ते पिण्यास योग्य असेलच असे नाही. म्हणून डोंगरी गावांत स्वच्छतेचा आरंभ संडासाच्या भिंतीपासून करून भागत नाही. तो पाण्यापासून करावा लागतो. जलदान हे श्रावकाला नवे नाही. गावोगावी उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्या समाजाने एखाद्या पोडावरील झऱ्याचे बांधकाम वा टाकी हे आपले कार्य मानले, तर ते परंपरेला धरूनच होईल.

ज्याचे त्याने खाली आणावे

डोंगर आणि केरकचरा यांचा प्रश्न आता जगभर गाजतो आहे. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर प्रथम मानवी पाऊल पडले. पुढे गिर्यारोहकांची रीघ लागली आणि शिखराच्या वाटेवर प्राणवायूची नळकांडी, तंबू, डबे व विष्ठा साचत गेली. अखेर २०१४ मध्ये नेपाळ शासनाने प्रत्येक आरोहकाने किमान आठ किलो कचरा खाली आणावा, असा नियम केला. २०२४ पासून तर विष्ठाही पिशवीत भरून खाली आणण्याचे बंधन आले. ज्या वाटेने हा कचरा वितळत्या बर्फाबरोबर खाली उतरतो, त्या वाटेवर शेर्पांची गावे आहेत. जगातील सर्वांत उंच शिखरावर शेवटी जो नियम करावा लागला, तो उत्सर्ग समितीचाच आधुनिक अवतार म्हटला पाहिजे.

सम्मेदशिखराच्या पावित्र्याविषयी २०२२च्या अखेरीस देशभर जैन समाज रस्त्यावर आला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाने तेथील पर्यटनविषयक उपक्रमांना स्थगिती दिली. समाजाची ती एकजूट स्तुत्य होती. तोच पर्वत संथाळ बांधवांना 'मरांग बुरू' म्हणून पूज्य आहे, आणि पायथ्याशी राहणारे ते आहेत, हेही विसरता येत नाही. बाहेरचा पर्यटक डोंगर मलिन करील, ही भीती रास्त आहे. परंतु पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, वेफर्सची पिशवी आणि महाप्रसादाचे थर्माकोलचे ताट टाकून येणारा प्रत्येक जण पर्यटकच असतो असे नाही. यात्रेचे पुण्य भाविकाने न्यावे आणि त्याने टाकलेले पायथ्याच्या गावातील मजुराने वेचावे, डोली वाहणाऱ्याने त्याच घाणीतून पाऊल टाकावे, ही वाटणी अपरिग्रहाला शोभणारी नाही.

पितळी तांब्या आणि गाळणे घेऊन निघालेल्या त्या जुन्या यात्रेकरूला पर्यावरण हा शब्द ठाऊक नव्हता. तरीही तो डोंगरावर काही ठेवून येत नसे. आज गाडी थेट पायथ्यापर्यंत जाते आणि चढण तेवढी उरली आहे. यवतमाळहून मुक्तागिरीस वा शिखरजीस निघणाऱ्या प्रत्येक यात्रासंघाने दोन साधे नियम केले, तरी पुरेसे आहे. फेकावयाची वस्तू बरोबर नेऊ नये, आणि नेलीच तर ती आपल्याच हाताने परत आणावी. मुक्तागिरीसाठी आपल्या पूर्वजांनी डोंगर विकत घेतला तो एवढ्याचसाठी. आज त्यासाठी द्रव्य नको, एक कापडी पिशवी पुरेल.