डोंगर कोणाचा? उत्तर इंग्लंडमधल्या शेतावरची सुट्टी

मंडळी, शहरातला माणूस पैसे मोजून शेतावर राहायला जातो, असे सांगितले तर शेतकरी वाचकांना थोडे हसू येईल. शेण, चिखल आणि पहाटेचे उठणे, यांत सुट्टी कसली? पण इंग्लंडच्या उत्तर भागात ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. कंब्रिया, यॉर्कशायर, नॉर्थम्बरलंड या परगण्यांत अनेक शेतकरी घरातल्या एकदोन खोल्या पाहुण्यांसाठी राखतात आणि सकाळी पोटभर न्याहारी देतात. मग पाहुणा दिवसभर करतो तरी काय? मेंढ्या पाहतो, दगडी गडग्यांच्या कडेने हिंडतो आणि डोंगर चढतो. कामे साधीच, पण त्या प्रत्येकामागे इतिहास आहे. तिसऱ्या कामासाठी तर माणसे तुरुंगात गेली आहेत. तो इतिहास आज आपण पाहू.

आधी मेंढ्या. कंब्रियात सरोवरांचा एक डोंगराळ मुलूख आहे, त्याला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. एप्रिल महिन्यात तिथे उतरलात तर मेंढ्या विण्याचा हंगाम असतो. शेतकऱ्याला रात्री झोप नसते. पाहुण्यांची मुले मात्र खूष असतात, कारण आई नसलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजण्याचे काम त्यांच्याकडे येते. इथली मेंढी हर्डविक जातीची. तिचे कोकरू जन्मते काळेभोर, आणि वय वाढेल तसतसे करडे होत जाते. लोकर जाडीभरडी, पण थंडीवाऱ्याला ही जात मोठी चिवट.

हिची खरी नवलाई पुढेच आहे. उंच डोंगरमाथे हे बहुतेक सामाईक गायरान. तिथे कुंपण नाही. तरीही प्रत्येक कळप आपापल्या हद्दीतच चरतो. हे कसे होते? कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईच्या मागे चरता चरता आपली हद्द शिकते. मोठे झाले की तेच आपल्या कोकराला शिकवते. असे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. म्हणून तिथे अनेक ठिकाणी शेत दुसऱ्या कुळाकडे गेले तरी कळप शेताबरोबरच राहतो, कारण हद्द ओळखणारा कळप बाजारात विकत मिळत नाही. तरी एखादी मेंढी चुकतेच. त्यासाठी प्रत्येक शेताची कानाला पाडलेली खूण आणि लोकरीवरचा रंगाचा पट्टा ठरलेला असतो. या खुणांची छापील पुस्तके 1817 पासून निघत आली आहेत. मेंढपाळ वर्षातून एकदा जमायचे, आणि ज्याची मेंढी त्याला परत द्यायचे. अशा मेळ्यांची आता जत्राच झाली आहे. पाहुणेही तिथे जाऊन बसतात.

इथे एका बाईंची आठवण काढली पाहिजे. पीटर नावाच्या सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर तुमच्यापैकी काही शिक्षकांना ठाऊक असतील. लंडनच्या श्रीमंत घरातल्या या बाईंनी 1905 साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप नावाचे शेत घेतले. पुढे त्या हर्डविक मेंढ्यांच्या जाणकार पैदासकार म्हणून नावाजल्या. 1943 साली त्या वारल्या, तेव्हा 4,000 एकरांहून अधिक जमीन आणि डझनाहून जास्त शेते त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ठेवली. आपल्या डोंगराळ शेतांवर हर्डविकचेच कळप राहावेत, असेही त्यांनी सांगून ठेवले. लेखनातून आलेला पैसा असा मेंढ्यांपाशी जाऊन पोचला.

आता दगडी भिंती. कोकणातल्या वाचकांना गडगा म्हटले की पुरे. चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगड रचून डोंगरभर मैलोन्मैल भिंती गेल्या आहेत. रचना अशी : दोन भिंती समोरासमोर, वर जाताना एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक उंचीवर दोन्ही भिंतींना बांधणारा आरपार लांब दगड, आणि माथ्यावर उभ्या दगडांची रांग. पाहुण्याला हौस असेल तर आज हे काम शिकवणारे वर्गही आहेत. दिवसभर खपून चार हात भिंत उभी राहिली तरी तो आनंदाने घरी जातो.

पण या भिंती दिसायला सुंदर असल्या तरी त्यांची हकीकत तितकीशी गोड नाही. डोंगराच्या उतारावर सरळ रेषेत गेलेल्या भिंती बहुतांशी 1750 ते 1850 या शंभर वर्षांतल्या आहेत. त्या काळात पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून सामाईक जमिनी वाटून दिल्या आणि त्यांना कुंपणे घालायला लावली. मोठ्या जमीनदारांना मोठे वाटे मिळाले. ज्या गरिबाची एखादी गाय गायरानावर चरत असे, त्याच्या हाती फारसे काही आले नाही. अशी कितीतरी माणसे गिरण्यांच्या गावांत मजुरीला गेली.

तिथेच आपल्या गोष्टीचे तिसरे प्रकरण सुरू होते. मँचेस्टरच्या भोवतीचा लँकशायर परगणा म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही तिथे गेला आहे, विशेषतः 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा. त्या गिरण्यांच्या धुरात आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी दूरवर हिरवे डोंगर दिसत. आगगाडी आली तसे तिथवर जाणे शक्य झाले. पण सगळ्यांना ते आवडले नाही. कवी वर्ड्सवर्थ याने पूर्वी असे लिहून ठेवले होते की, हा सरोवरांचा मुलूख म्हणजे जणू राष्ट्राचीच ठेव आहे. त्याच वर्ड्सवर्थने 1844 साली तिथे रेल्वे येऊ नये म्हणून पत्रे लिहिली. मजुरांच्या झुंडी येतील, आणि त्यांना या सौंदर्याचे काय कळणार, ही त्याची धास्ती! 1847 साली रेल्वे आलीच. पुढे 1891 साली लँकशायरमधल्या कोल्न गावच्या टी. ए. लेनर्ड या धर्मोपदेशकाने सुमारे 30 तरुणांना लेक डिस्ट्रिक्टमध्ये पायी हिंडायला नेले. गिरणी बंद असलेल्या आठवड्यात वर्षभराची पुंजी समुद्रकाठच्या मौजेत उडवण्यापेक्षा डोंगरात हिंडावे, स्वस्तात राहावे, असा त्याचा विचार. त्यातून सहकारी सुट्ट्यांची चळवळ उभी राहिली.

तरी सगळे डोंगर मोकळे नव्हते. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. ते ड्यूकच्या मालकीचे, आणि ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. शिकार वर्षातले थोडेच दिवस. मनाई मात्र बारमाही! 24 एप्रिल 1932 या रविवारी हेफील्ड गावातून सुमारे 400 माणसे उघडपणे त्या डोंगरावर चढली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा 20 वर्षांचा कामगार तरुण. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडण्यात आले, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे एवढाच तिथे फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून खटला दंगलीचा भरला. भटकंती करणाऱ्यांच्या जुन्या संघांना ही रीत पसंत नव्हती. पण शिक्षा ऐकून त्यांच्यापैकीही अनेक जण हळहळले.

बदल लगेच आला नाही. 1938 साली पगारी रजेचा कायदा झाला. महायुद्ध संपल्यावर 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि 1951 साली किंडर स्काउटचाच प्रदेश देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. लेक डिस्ट्रिक्टही त्याच वर्षी. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्याला माणसे नसलेले अभयारण्य आठवते. तिथे तसे नाही. गावे आहेत, शेते आहेत, जमीन बहुतांशी खाजगीच आहे. तिची राखण मात्र साऱ्या राष्ट्राच्या वतीने होते. 1965 साली पेनाइन वे ही 268 मैलांची पायवाट खुली झाली. 2000 सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि गायराने पायी हिंडण्यासाठी मोकळी झाली. आणि 2002 साली, त्या रविवारला 70 वर्षे झाल्यावर, तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीरपणे माफी मागितली.

इथे गोष्ट संपली असे वाटेल, पण तसे नाही. 2001 साली इंग्लंडात लाळ-खुरकुताची साथ आली. साथ थांबवण्यासाठी 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. सर्वांत मोठा फटका कंब्रियाला बसला. पायवाटा बंद झाल्या, पाहुणे येईनात, खाणावळी ओस पडल्या. त्या वेळी दोन गोष्टी लख्ख दिसल्या. मेंढ्यांवाचून डोंगर मुका होतो. आणि पाहुण्यांवाचून गावाची चूल मंदावते. जिथे सगळा कळपच गेला, तिथे आईकडून कोकराकडे चालत आलेली हद्दीची शिकवणही गेली. नव्या मेंढ्यांना ती पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागली, आणि माणसांना डोंगरावर राखण करीत उभे राहावे लागले.

तेव्हा डोंगर कोणाचा? कागदावर मालक एक असतो. पण गायरानावर चरण्याचा हक्क मेंढपाळाचा, पायवाटेची वहिवाट चालणाऱ्याची, आणि भिंत ज्याच्या हातांनी उभी राहिली त्याचाही त्यात वाटा. तिथला समंजस पाहुणा हे ओळखून वागतो. उघडलेले फाटक तो लावून घेतो, मेंढ्या विण्याच्या दिवसांत कुत्र्याला दोरीने धरतो, आणि भिंत चढून न जाता तिच्यातल्या दगडी पायऱ्यांवरून पलीकडे उतरतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात ही हकीकत सांगताना सनावळ्या मागाहून सांगाव्यात. आधी मुलांना एवढेच विचारावे : आपल्या गावच्या डोंगरावर कोणकोण जाते, आणि कशासाठी?