बातमीदाराविना सभा

बंद पडलेल्या वर्तमानपत्रांच्या याद्या तुम्हाला मिळतीलच. नगरपालिकेच्या सभेला वही घेऊन बसणारं माणूस उठून गेलं की गावाचं काय होतं, हे शोधणं अवघड आहे.

लॉस एंजेलिसजवळचं बेल हे कष्टकऱ्यांचं छोटं शहर घ्या. २००५ साली तिथे एक विशेष मतदान झालं. शहराला स्वतःची सनद असावी का, एवढाच रुक्ष विषय. मतं पडली चारशेहूनही कमी. सनद मंजूर झाली आणि नगरसेवकांच्या मानधनावर राज्याने घातलेली मर्यादा बेलपुरती उठली. पुढे अर्धवेळ नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलरच्या घरात पोचले. मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो यांचा पगार पावणेआठ लाखांवर गेला. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे बातमीदार शेजारच्या मेवुडची माहिती काढत होते, तेव्हा हे हाती लागलं. त्या कामासाठी वर्तमानपत्राला पुलित्झर मिळालं, ते योग्यच झालं. मला मात्र त्या तुटपुंज्या मतदानाचं जास्त वाटतं. सनदेने नेमकं काय सुटणार, हे आधी कुणी चार ओळींत छापलं असतं तर?

असे ‘तर’ शास्त्रात चालत नाहीत. वर्तमानपत्र गेल्याने गाव सुस्तावलं, की गाव खंगत होतं म्हणून वर्तमानपत्र गेलं, हा पेच कायमचा. म्हणून ‘सिनसिनाटी पोस्ट’ हे अमेरिकेतलं वर्तमानपत्र अभ्यासकांच्या कामी आलं. प्रतिस्पर्धी पत्राशी असलेला त्याचा करार २००७ अखेर संपणार, हे आधीच ठरलेलं होतं. त्याच दिवशी ते बंद झालं, म्हणजे गावं खंगली म्हणून नव्हे. त्यानंतर केंटकीतल्या त्याच्या वाचकांच्या उपनगरांत निवडणुकीला उभे राहणारे घटले, खुर्चीवरचेच पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली. नमुना लहान होता, हे संशोधकांनीच नोंदवलं आहे. त्या निष्कर्षावर फार मोठी इमारत चढवू नये.

महाराष्ट्रात हे मोजमाप जसंच्या तसं लागू होणार नाही. इथे अंक बंद न पडताही बातमी आटू शकते. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा जाहिरातीच्या कमिशनवर जगतो. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याच ठेक्याबद्दल तो काय लिहिणार? त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या हातात महिनाअखेर पडतं किती, तेही विचारायला हवं.

सुरुवात आपल्या गावापासून करा. एका महिन्याचे स्थानिक अंक गोळा करा. त्याच महिन्यातल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त नगरपालिकेकडून मिळवा, लागलाच तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मग एकेक ठराव घेऊन त्यातला कोणता छापून आला, त्यावर खूण करत जा.