‘अजित’चा आज्ञासंच आणि क्रॉस-कंपायलर

* मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली घडलेला ‘अजित’ प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याचा आज्ञासंच स्पार्क व्ही-८ हा बाहेरचा, म्हणून त्याला देशी म्हणणे काहींना खटकते. हा आक्षेप कंपायलरला विसरतो. चिप तयार झाली तरी तिच्यासाठी प्रोग्रॅम बांधणारे साधन लागते, आणि ते बहुधा वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरवरील लिनक्स संगणकावर चालवावे लागते; म्हणून त्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. जीसीसी या खुल्या कंपायलरला स्पार्क आधीपासून येते. त्यामुळे आधी बिनयुटिल्स या साधनसंचातला असेंब्लर व लिंकर, मग सी-लायब्ररीविना चालणारा तात्पुरता कंपायलर, त्याने बांधलेली लायब्ररी आणि शेवटी तिच्या आधारे पूर्ण कंपायलर, एवढ्या बांधणीवर काम भागते. (लायब्ररीला कंपायलर हवा आणि पूर्ण कंपायलरला लायब्ररी, म्हणून हा दुहेरी खटाटोप.) कोरा आज्ञासंच निवडला असता तर कंपायलरचा मागचा अर्धा भाग मुळापासून लिहावा लागला असता.

मग तयार बांधलेला क्रॉस-कंपायलरच का उतरवून घेऊ नये? रोजच्या कामाला जरूर घ्यावा. पण प्रोसेसरमध्ये एक नवी आज्ञा घातली की हा तयार कंपायलर तोकडा पडतो: असेंब्लरला तिची बिट-रचना शिकवावी लागते, आणि कंपायलरने ती आपणहून वापरावी असे वाटत असेल तर जीसीसीच्या यंत्रवर्णनात तिचा साचा लिहावा लागतो. स्वावलंबनाची खरी कसोटी मला इथे दिसते, आणि मूळ संहिता खुली असल्यानेच ती देता येते. मुंबईच्या आयआयटीतच प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीची अंतर्रचना शिकवणारे अभ्यासवर्ग चालवले, त्यांचे मोल म्हणूनच मोठे आहे.